कारकीर्द की प्रवास? : फ्रेंचभाषक स्त्रिया आणि मराठी चित्रपटसमीक्षा

१

'कारकीर्द' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि दप्तरांतून, बखरींतून रुळला. राजांची, पेशव्यांची, पुढे मंत्र्यांची आणि कुलगुरूंची कारकीर्द असते. स्त्री कलावंताविषयी लिहिताना मात्र मराठी लेखणी आपसूक दुसऱ्या शब्दांकडे वळते : प्रवास, वाटचाल, सोसणे, संसार आणि कला. साई परांजपे यांच्यासारख्या स्वतःच्या अटींवर काम केलेल्या दिग्दर्शिकेच्या आत्मकथनाचे उपशीर्षकही 'माझा कलाप्रवास' असेच आहे. फ्रेंच 'कार्येर' या शब्दाचा जुना अर्थ गाड्यांचा रस्ता, दौडीचे मैदान असा होता. त्या शब्दातून रस्त्यावरचा पुरुष कालांतराने पदाला पोहोचला. मराठीत पद पुरुषाकडे राहिले आणि रस्ता तेवढा स्त्रीच्या वाट्याला आला.

या शब्दवाटपामागे एक समीक्षाव्यवहार उभा आहे. पुरुष दिग्दर्शकाची चर्चा करताना त्याची परिस्थिती ही शैलीच्या चर्चेची प्रस्तावना असते. दोन परिच्छेदांत ती आटोपते आणि मग चौकट, संकलन, ध्वनी, कालभान या गोष्टी सुरू होतात. स्त्रीच्या बाबतीत परिस्थिती हीच सर्व चर्चा होऊन बसते. तिचे बालपण, विवाह, चेहरा, एकाकीपण यांतच लेख संपतो आणि शैलीचे प्रकरण उघडतच नाही. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या सवयीवर आहे. स्त्रीच्या कामाची परिस्थिती, म्हणजे पैसा कोठून आला, वेळ किती मिळाला, कोणत्या भाषेत काम करावे लागले, कोणत्या संस्थेने दार उघडले किंवा लावले, ही चरित्राची सामग्री नाही. ती रूपाची कारणमीमांसा आहे. तिला चरित्रात ढकलणे म्हणजे स्त्रीला कर्तृत्व नाकारण्याचा सभ्य मार्ग होय.

हा आक्षेप तपासण्यासाठी चित्रपट आणि दूरचित्रवाणीत काम करणाऱ्या फ्रेंचभाषक स्त्रियांचे उदाहरण घेणे सयुक्तिक आहे. मराठी चित्रपटसमीक्षेची बरीचशी परिभाषा फ्रेंचमधून, इंग्रजीच्या मध्यस्थीने आली. त्यामुळे ज्या भाषेतून उपपत्ती आली त्याच भाषेतील स्त्रियांचे तिने काय केले, हा प्रश्न टाळता येत नाही. तो कोठे विचारला जातो यालाही महत्त्व आहे. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे लागतात. तेथील ज्या विद्यार्थिनी साहित्य आणि चित्रपट यांचा संबंध अभ्यासतात, त्यांच्या हाती ही उसनी परिभाषा पडते. आणि त्यांच्यापैकी काहींना उद्या याच व्यवसायात पोट भरावयाचे असते. त्यांना ही समीक्षा काय देते?

२

फ्रान्सकडून आपण काय घेतले याची यादी लहान आहे. आंद्रे बाझँ, फ्रांस्वा त्र्युफोचा 'काये द्यु सिनेमा'मधील १९५४ सालचा वादग्रस्त लेख, पाठोपाठ गोदार. साहित्याच्या बाजूने रोलां बार्त. या यादीतच एक विसंगती आहे. बार्तच्या १९६८ सालच्या निबंधाचा हवाला देऊन साहित्यकृतीचा लेखक मेला असे सांगितले जाते. आणि पुढच्याच तासाला चित्रपटाचा 'कर्ता' म्हणून दिग्दर्शकाला सिंहासनावर बसविले जाते. कादंबरीतून हद्दपार केलेला लेखक चित्रपटगृहाच्या मागच्या दाराने परत येतो. स्त्रियांची पंचाईत दुहेरी होते. लेखक मेला तेव्हा त्या लेखक म्हणून नोंदल्याच गेल्या नव्हत्या. आणि चित्रपटाचा कर्ता जन्मला तेव्हा त्याचे बारसे करणारे सगळे पुरुष होते.

आलीस गीचे उदाहरण पाहावे. ती लेओं गोमाँची चिटणीस होती. १८९६ पासून तिने कथात्मक चित्रपट केले आणि पुढील दशकभर गोमाँ कंपनीच्या चित्रपटनिर्मितीची सूत्रे सांभाळली. १९०७ मध्ये ती अमेरिकेत गेली, १९१० मध्ये तिने 'सोलॅक्स' ही कंपनी उभी केली, १९२२ मध्ये परतली आणि त्यानंतर तिला चित्रपट करावयास मिळाला नाही. इतिहासकारांनी तिचे कित्येक चित्रपट तिच्याच हाताखाली शिकलेल्या पुरुषांच्या खाती जमा केले. १९६८ मध्ये ती वारली. आत्मकथन प्रसिद्ध झाले १९७६ मध्ये. म्हणजे जिने काम केले तिचा पुरावा म्हणून शेवटी तिचे आयुष्यच पुढे ठेवावे लागले.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, हेही ठाऊक असते. परंतु सरस्वतीबाई फाळके यांनी रसायने कालवली, फिल्म धुतली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश वळविला, या गोष्टी येतात त्या 'त्यागा'च्या मथळ्याखाली. दागिने विकल्याच्या हकिगतीला जोडून. चादर धरून प्रकाश वळविणे ही प्रकाशयोजना आहे. ती पत्नीने केली म्हणून तिचा त्याग होतो, पगारी सहायकाने केली असती तर तिला तंत्र म्हटले गेले असते.

आन्येस व्हार्दाच्या बाबतीत हाच प्रकार अधिक सुसंस्कृत रीतीने घडला. ब्रसेल्समध्ये जन्मलेल्या या छायाचित्रकर्तीने १९५५ मध्ये 'ला प्वँत कूर्त' केला. त्र्युफोचा पहिला दीर्घ चित्रपट १९५९चा आणि गोदारचा १९६०चा. तरीही इतिहासाने तिला नवप्रवाहाची 'आजी' म्हटले. कर्त्यांच्या घराण्यात स्त्रीसाठी जागा निघाली ती नात्याची. आजीला मान असतो. घराची मालकी तिच्या नावावर नसते.

व्हार्दाचाच एक माहितीपट प्रस्तुत लेखाचा मुद्दा नेमका दाखवितो. 'दागेरेओतीप' (१९७६) या माहितीपटाच्या वेळी तिचे मूल लहान होते आणि घरापासून दूर जाणे शक्य नव्हते. जर्मन दूरचित्रवाणीने काम दिले होते. तिने घरातील विजेच्या जोडणीतून तार बाहेर काढली आणि ती जेथवर पोहोचेल तेथवरच्या दुकानांचे चित्रण केले : पाववाला, खाटीक, शिंपी, अत्तरांचे जुने दुकान. प्रचलित पद्धतीने हा प्रसंग सांगितला की तो 'आईपण सांभाळून कला' असा होतो आणि श्रोते हळहळतात. परंतु त्या तारेने माहितीपटाची भौगोलिक सीमा ठरविली, पात्रे ठरविली, दुकानांच्या दारांत थांबणारी संथ लय ठरविली. बाळंतपणाच्या चार भिंतींतून एक रचनातत्त्व निघाले. तारेची लांबी ही येथे शैलीची गोष्ट आहे. कथनमीमांसेत स्थलकालाच्या एकात्मतेवर तास खर्च करणाऱ्या समीक्षेला ही तार दिसू नये, हा दृष्टीचा दोष म्हटला पाहिजे.

३

'फ्रेंच' या विशेषणाचा दुसरा घोटाळा असा, की मराठीत त्याचा अर्थ पॅरिस होतो. म्हणून येथे 'फ्रेंचभाषक' हा शब्द हेतुतः वापरला आहे. भाषा आणि राष्ट्र यांतील अंतरात या स्त्रियांच्या कारकीर्दी घडल्या.

१९७५ हे एक वर्ष घ्यावे. इंग्रजीत लॉरा मल्व्हीचा दृश्यसुखावरील निबंध त्याच वर्षी आला. आपल्याकडे स्त्रीवादी चित्रपटविचाराचा आरंभ बहुधा तेथूनच सांगितला जातो. त्याच वर्षी ब्रसेल्सच्या शांताल आकेरमानने 'झान दिएलमान' केला : एका विधवेचे तीन दिवस, तीन तास एकवीस मिनिटांत, बटाटे सोलणे, भांडी घासणे, अंथरूण आवरणे आणि दुपारी येणारा गिऱ्हाईक पुरुष. त्याच वर्षी मार्गरीत द्युरासने 'इंडिया साँग' केला : कलकत्त्याचा चित्रपट, परंतु चित्रण सर्व फ्रान्समध्ये, पडद्यावरची माणसे बोलत नाहीत, आवाज बाहेरून येतात. त्याच वर्षी सेनेगलच्या साफी फायने 'कादू बेकात' केला, म्हणजे वोलोफ भाषेत 'शेतकऱ्याचा आवाज'. आणि त्याच सुमारास मार्तिनिक बेटावर यूझान पाल्सी ही विशीही न गाठलेली मुलगी स्थानिक दूरचित्रवाणीसाठी आपले पहिले काम करीत होती.

या चौघींना एकत्र आणणारी गोष्ट स्त्रीत्व नाही. फ्रेंच भाषेमागे उभ्या असलेल्या संस्थांशी प्रत्येकीचा आलेला संबंध ही आहे. फ्रान्सने १९४६ मध्ये राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन केले आणि १९५९ मध्ये तिकीटविक्रीच्या भरवशावर आगाऊ रक्कम देण्याची योजना काढली. आकेरमानला बेल्जियम शासनाचे अनुदान मिळाले. तिने छायाचित्रणासाठी बाबेत मांगोल्त हिला घेतले आणि चमूत बहुसंख्य स्त्रिया ठेवल्या. कॅमेरा स्वयंपाकघरात फार उंच चढत नाही, बाईच्या शरीराजवळ सरकत नाही, या निर्णयामागे ही रचना आहे. साफी फाय ही शिक्षिका होती. झां रूशच्या चित्रपटात तिने भूमिका केली, पॅरिसमध्ये मानववंशशास्त्र शिकली. तिचा चित्रपट भुईमुगाच्या एकपिकी शेतीवर, म्हणजे फ्रेंच वसाहतीच्या वारशावर टीका करतो. आणि त्याला पैसा मिळाला तो फ्रेंच मंत्रालयाकडून. हा विरोधाभास चित्रपटाबाहेर नाही. गावकऱ्यांची चर्चा त्यांच्या भाषेत आणि पत्ररूपी निवेदन फ्रेंचमध्ये, ही दुपदरी रचना त्यातूनच आली. पुढे तिच्या 'मोसान'चे चित्रण झाल्यावरही निर्मात्याशी झालेल्या वादात तो वर्षानुवर्षे अडकला आणि १९९६ मध्ये लोकांसमोर आला. मधल्या वर्षांना समीक्षक 'मौन' म्हणतो. ते मौन नव्हते, तो दावा होता.

पाल्सीची कारकीर्द तर कर्तेपणाच्या उपपत्तीला सरळ आव्हान देते. जोसेफ झोबेलच्या कादंबरीवरचा तिचा 'रू काझ-नेग्र' १९८३ मध्ये व्हेनिसला गौरविला गेला. १९८९ मध्ये 'अ ड्राय व्हाइट सीझन'च्या रूपाने हॉलिवुडच्या एका बड्या कंपनीचा चित्रपट दिग्दर्शित करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. त्यानंतर तिने एमे सेझेअरवर माहितीपट केला आणि दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केले. पडद्याच्या लांबीनेच कारकीर्द मोजणाऱ्याला यात ओहोटी दिसते. दूरचित्रवाणीला दुय्यम मानण्याचा हा संस्कार कर्तेपणाच्या त्याच उपपत्तीचा आहे. स्त्रियांचे फार मोठे काम जेथे झाले ते माध्यमच मोजणीतून वगळले की स्त्रिया कमी भरतात, यात नवल ते काय?

४

आता मुंबईकडे वळावे, कारण फ्रेंचभाषक स्त्री हा विषय आपल्या अंगणातलाही आहे. १९६० मध्ये दोन तरुणी हिंदी चित्रपटात नायिका म्हणून आल्या. एक लीला नायडू, 'अनुराधा'मधून. दुसऱ्या साधना शिवदासानी, 'लव्ह इन सिमला'मधून. लीला नायडू यांचे वडील आंध्रातील भौतिकशास्त्रज्ञ, आई फ्रेंच भाषक युरोपीय पत्रकार. त्यांचे बालपण बरेचसे युरोपात गेले. साधना यांचा जन्म कराचीचा. फाळणीत उखडलेल्या सिंधी कुटुंबातून त्या आल्या आणि १९५८ मधील 'अबाणा' या सिंधी चित्रपटात शीला रमाणी यांच्या धाकट्या बहिणीची भूमिका करून चुकल्या होत्या. दोघींच्या घरच्या भाषेला हिंदी पडद्यावर जागा नव्हती. फरक एवढाच की, एकीच्या भाषेमागे जगभर पसरलेले राष्ट्र होते आणि दुसरीच्या भाषेमागे जमिनीचा तुकडाही उरला नव्हता.

हिंदी चित्रपटाने आणि त्यामागून समीक्षेने दोघींचे काय केले? लीला नायडू 'जगातील सुंदर स्त्रियांपैकी एक' झाल्या. साधना 'साधना कट' झाल्या. एकीचा चेहरा राहिला, दुसरीचे कपाळावरचे केस.

'अनुराधा'कडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. हृषीकेश मुखर्जी यांच्या या चित्रपटाच्या कथेचे फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'शी असलेले नाते अनेकदा दाखविले गेले आहे. रेडिओवर गाणारी गायिका खेड्यात सेवा करणाऱ्या डॉक्टराशी विवाह करते आणि तिचे गाणे थांबते. जुना स्नेही येतो, गाण्याकडे परत चल म्हणतो. एक वडीलधारे डॉक्टर येतात, नवऱ्याच्या कामामागे पत्नीचा त्याग आहे हे बोलून दाखवितात. अनुराधा राहते. फ्लोबेरच्या एमाला विष घ्यावे लागले. भारतीय एमाला सत्कार मिळाला. म्हणजे ज्या चित्रपटाने लीला नायडू यांची कारकीर्द सुरू केली, तो स्त्रीने कारकीर्द सोडण्याचाच चित्रपट होता, आणि त्या सोडण्याचे मोल 'त्याग' या शब्दात चुकते केले गेले होते. पं. रविशंकर यांच्या संगीताविषयी जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशाने तरी या विरोधाकडे लक्ष गेले आहे काय?

पुढचा तपशील अधिक बोलका आहे. लीला नायडू यांनी 'द हाउसहोल्डर' (१९६३) केला, कुमार शहानी यांच्या आरंभीच्या एका लघुपटाची निर्मिती केली, हाँगकाँगमध्ये चित्रपटांना आवाज दिले, संपादनाचे काम केले. १९८५ मध्ये श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल'मध्ये गोव्यातील पोर्तुगीज वळणाच्या घराण्याची मालकीण म्हणून परतल्या. बहुभाषिक स्त्रीला चित्रपटव्यवसाय कोठे कोठे वापरतो, याचा हा नकाशाच आहे. २००९ मध्ये त्या वारल्या. जेरी पिंटो यांच्यासह केलेले आत्मकथन पुढच्या वर्षी आले. त्याच्या शीर्षकातील कल्पना मराठीत सांगायची तर गोधडीची आहे. गोधडी हे बाईचे काम म्हणून आपण ते कलाप्रकारांत धरीत नाही. परंतु तुकड्यांची जुळणी हाच तर संकलनाचा व्यवहार आहे, आणि तुकड्यांची कारकीर्द ही अपुरी कारकीर्द असते, हे गृहीतक पुन्हा सिंहासनाकडे पाहणाऱ्यांचे आहे.

साधना यांच्याबाबत तर वगळणे आणखी उघड आहे. 'गीता मेरा नाम' (१९७४) हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. हिंदी चित्रपटातील स्त्री दिग्दर्शकांच्या याद्या करताना हे नाव किती वेळा येते? चित्रपट श्रेष्ठ आहे असा येथे दावा नाही. आघाडीची नायिका कॅमेऱ्याच्या मागे का गेली, तेथे तिने चेहऱ्याच्या व्याकरणाचे काय केले, हा प्रश्न समीक्षेने विचारला नाही, एवढाच आरोप आहे. केशरचनेला लेख मिळाले, दिग्दर्शनाला तळटीपही नाही.

आणि हे जुने झाले असे समजू नये. पुदुच्चेरीत १९८४ मध्ये फ्रेंच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या कल्कि केकलाँ यांनी 'दॅट गर्ल इन यलो बूट्स'ची पटकथा दिग्दर्शकाच्या सोबतीने लिहिली. त्या चित्रपटाची चर्चा दिग्दर्शकाच्या शैलीची झाली; लेखिकेची झाली ती गोऱ्या कातडीची आणि खासगी आयुष्याची.

५

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात.

पहिला देशीवादी : फ्रेंच बोलणाऱ्या बायकांचे आम्हांला काय? या आक्षेपाला साफी फायच पुरेशी आहे. आपल्या गावाच्या जमिनीवर, आपल्या लोकांच्या बोलीत, पिकाच्या अर्थकारणावर चित्रपट करणारी ही स्त्री देशीयतेच्या कोणत्याही कसोटीला उतरेल. आणि तिच्या चित्रपटाचे पैसे, तिचे शिक्षण, तिचा दावा यांचे धागे पॅरिसला पोहोचतात. देशीयता ही मातीतून आपोआप उगवत नाही, तिलाही अनुदान, प्रयोगशाळा आणि वितरक लागतात. मराठी चित्रपटाला राज्यशासनाचे अनुदान आहे. सिंधी ही १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत आली, परंतु तिच्यामागे राज्य नाही. देशीवादाने भाषेचा अभिमान सांगितला, तिचा जमाखर्च मांडला नाही.

दुसरा आक्षेप कर्तेपणाचा : एवढ्या सगळ्यांना श्रेय दिले तर कलाकृतीची दृष्टी कोणाची म्हणावयाची? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'दोघी' (१९९५)पासून कित्येक चित्रपट जोडीने केले. जगाचे काही बिघडले नाही. समीक्षेलाच दोन नावांमध्ये एक कर्ता शोधण्याची घाई असते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो स्त्रीवादी समीक्षेकडून येतो : स्त्रियांची आत्मकथने हा दडपलेला आवाज आहे, आणि चरित्राकडून काढता पाय घ्या असे सांगणे म्हणजे तो पुन्हा दडपणे होय. याला उत्तर असे की, आत्मकथन वाचावेच. कशासाठी वाचतो हे तपासावे. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका'मध्ये कोणत्या वयात, कोणाच्या गरजेपोटी, कोणत्या कंपनीत काम केले याची कहाणी आहे. ती एका कामगार स्त्रीची साक्ष आहे. त्यावर आधारित 'भूमिका' (१९७७) हा मोठा चित्रपट असूनही मराठी चर्चेने त्यातून उचलली ती पुरुषांची मालिका. 'रामजोशी'मधील लावणीची अभिनेत्री म्हणून हंसा वाडकर यांनी काय केले, लय कशी धरली, कॅमेऱ्याशी अंतर कसे राखले, याचे विश्लेषण शोधावे लागते. दुःखाविषयी सहानुभूती बाळगणे सोपे असते, कारण त्यासाठी चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा लागत नाही.

६

अखेर ज्या शहरांचा उल्लेख आरंभी केला तेथे यावे. उल्हासनगर हे लष्करी छावणीच्या बराकींत वसलेले निर्वासितांचे नगर. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. अंबरनाथला शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे शिवालय आणि त्याच्या सभोवती कारखान्यांची वस्ती. बदलापूर तर हिंदी चित्रपटाचे शीर्षकच झाले. २०१५ सालच्या 'बदलापूर'मध्ये गावाच्या नावावर 'बदला' हा श्लेष आहे. नायक तेथे सूडाची वाट पाहत वर्षे काढतो. त्यातील स्त्रिया मारल्या जातात, वापरल्या जातात किंवा अपमानित होतात. चर्चा झाली ती दिग्दर्शकाच्या काळोख्या शैलीची. ज्या गावात हजारो स्त्रिया पहाटे फलाटावर उभ्या राहतात, त्या गावाचे नाव पुरुषाच्या सूडाचे रूपक म्हणून वापरले गेले आणि बदलापूरकर समीक्षकालाही त्यात खटकण्याजोगे काही आढळले नाही.

बदलापूर हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर. तेथून गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत पोहोचावयास गाड्या बदलून दोन-अडीच तास जातात. जाऊन येऊन 'झान दिएलमान'पेक्षा हा काळ मोठा आहे. हा चित्रपट संथ आहे, त्यात काही घडत नाही, अशी तक्रार करणाऱ्याने महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या स्त्रियांकडे पाहावे. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड'च्या समीक्षकांनी या चित्रपटाला सर्वश्रेष्ठ ठरविले, म्हणून आता तो आपल्याकडेही शिकविला जाईल. शिकविला जाईल तो अस्तित्ववादाच्या अंगाने, कंटाळ्याच्या तत्त्वज्ञानाच्या अंगाने. डब्यातील वेळ आणि पडद्यावरील वेळ यांचा संबंध जोडण्याचे काम विद्यार्थिनीवर सोडले जाईल आणि तिने जोडला तर 'व्यक्तिगत प्रतिसाद' म्हणून गुण कापले जातील.

दैनंदिन मालिकांच्या व्यवसायात स्त्रिया संवाद लिहितात, सातत्य सांभाळतात, वेशभूषा आणि केशभूषा करतात, इतर भाषांतील चित्रपटांना मराठी आवाज देतात. यांपैकी कोणत्या कामाची परिभाषा मराठी समीक्षेने घडविली? एक उदाहरण पुरे. मुंबईच्या चित्रपटव्यवसायात केशभूषा स्त्रियांनी करावी आणि रंगभूषा पुरुषांनी, असा कामगार संघटनेचा नियम होता. रंगभूषाकार म्हणून स्त्रीला सभासदत्वच मिळत नसे. २०१४ मध्ये चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. शंभर वर्षे हा व्यवसाय स्त्रीच्या चेहऱ्यावर चालला आणि तो चेहरा रंगविण्याचा अधिकार मात्र स्त्रीला नव्हता. नायिकेच्या मुखसौंदर्यावर पाने खर्च करणाऱ्या समीक्षेने त्या चेहऱ्यावरचा हात कोणाचा हे विचारले असते, तर हा नियम न्यायालयाच्या आधी तिला दिसला असता.

मागणी मोठी नाही. लीला नायडू यांच्यावर लिहिताना आवाज देण्याच्या कामाला अभिनयाइतकीच जागा द्यावी. साधना यांच्यावर लिहिताना 'गीता मेरा नाम' पाहावा. व्हार्दा शिकविताना तारेची लांबी शिकवावी, पाल्सी शिकविताना दूरचित्रवाणी. आणि उल्हासनगरच्या वर्गात 'अबाणा'चा विषय निघाला, तर तो हौशी कुतूहल म्हणून बाजूला न सारता, राज्य नसलेल्या भाषेत स्त्रीची कारकीर्द एका चित्रपटानंतर दुसऱ्या भाषेत का जाते, असा प्रबंधविषय म्हणून स्वीकारावा. तो प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी संध्याकाळच्या कर्जत गाडीने घरी जात असेल. तिच्या प्रस्तावावर मार्गदर्शकाने 'विषय वाङ्मयीन नाही' असा शेरा मारून तो परत पाठवू नये, एवढी सुधारणा झाली तरी पुष्कळ.